समुद्रफुलाला पेज

माणसं मला म्हणतात, हिरी, तू कशाला तोंड उघडलंस? उघडणारच! केलं मी, तर दुसऱ्या कुणी सांगायचं?

जव्हारच्या वाटेवर एक नवीन हॉटेल झालंय. तिथं मी फरशी पुसायची आणि माझा दिपेश काचेच्या टाकीतले समुद्रातले मासे सांभाळायचा. डोंगरात समुद्र आणून ठेवायची हौस शेठला, आणि घोर आमच्या जिवाला! त्या टाकीत एक समुद्रफूल होतं. नाव फूल, पण जित्राब. दगडाला चिकटून बोटं हलवत बसायचं. एक दिवस सरकत सरकत पंपाच्या तोंडाशी गेलं आणि बुडाशी फाटलं. पंपाला जाळी लावायची राहिली होती, दिपेशचीच चूक.

शेठ म्हणाला, "जगलं तर राहा. मेलं तर तुझा रस्ता धर."

दिपेशचा रस्ता मला ठाऊक होता. खाडीतली रेती काढायची. त्याचा बाप जिव्या तिथंच बालदी घेऊन बुडी मारायचा. एक दिवस बालदी वर आली, जिव्या आला नाही. रेतीचा मुकादम अजून दर दिवाळीनंतर माणसं न्यायला आमच्या गावाला, जामसरला येतो आणि दिपेशकडं बघून म्हणतो, पोरगा बापासारखा दमाचा आहे. थू त्याच्या तोंडावर!

म्हणून दिपेशनं त्या फुलासाठी जिवाचं रान केलं. वेगळ्या छोट्या टाकीत ठेवलं, रोज थोडं थोडं पाणी बदललं, मीठ मापून घातलं, उजेड कमी केला. पाच दिवस ते तोंड वासून चिंधीसारखं पडून होतं. सहाव्या दिवशी तोंड मिटलं, दगड धरला. दिपेश हसला. किती दिवसांनी हसला पोरगा!

सातव्या दिवशी टाकीचं मीठ आणायला तो नाशिकला निघाला. "आये, उद्या येतो. नुसतं बघ. खायला काही घालू नको, जखम भरली की मीच घालीन."

मी बघत बसले. सात दिवसांचा उपाशी जीव! आमच्यात आजाऱ्याला कुणी उपाशी ठेवतं का? दिपेश लहानपणी तापानं फणफणला, डॉक्टरनं हात टेकले, तेव्हा नागलीची पातळ पेज चमच्या-चमच्यानं पाजून मीच त्याला उठवला होता. पेजेचा डबा जवळ होताच. चार चमचे घातले. फुलानं बोटं मिटून घेतली. मला वाटलं, खाल्लं गं बाई! म्हणून आणखी चार घातले.

संध्याकाळी पाणी गढूळ झालं. सकाळी वास सुटला. दिपेश आला तेव्हा फूल शेंबडासारखं विरघळत होतं. त्यानं पाण्यात हात घातला, तळाची पेज चिमटीत धरली आणि माझ्याकडं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेठसमोर म्हणाला, "मीच घातलं काहीतरी."

"खोटं! पेज मी घातली!" मी ओरडले.

"मग दोघंही निघा," शेठ म्हणाला.

काल मुकादमाची जीप आली. पेज करायला माझा हात धजेना, नुसता चहा ठेवला. दिपेश म्हणाला, "आये, पेज नाय केली?"

केली. उभ्यानंच प्यायला, वाटी बोटानं पुसून खाल्ली. मग जीपमध्ये चढला. टपावर नव्या बालद्या बांधल्या होत्या, त्यातली एक त्याची. बालदी तर वर येईलच, मला माहीत आहे.