लखनच्या आईचं पुसलेलं गाणं

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. चौसाळ्याच्या वाचनालयात, कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो. नवा होतो तेव्हा मला हात लावायला पोरांची झुंबड उडायची. वाचनालय सांभाळणाऱ्या विजयमालाबाई पदराने माझा पडदा पुसायच्या. मग त्यांच्या लेकीने, करिष्माने, लॅपटॉप आणला आणि मी 'डबडं' झालो. तो मेला माझ्या डोळ्यांत खुपतो. लई खुपतो!

परवा गावातल्या बायकांची जात्यावरची गाणी साठवायचं ठरलं. मान अर्थातच लॅपटॉपला! करिष्माने त्याच्यावर स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली. बाईने सांगितलेलं नाव 'व्हेरिएबल' नावाच्या कप्प्यात जायचं, त्या नावाची फाइल व्हायची आणि गाणं तिच्यात उतरायचं. बायका गायल्या, टाळ्या पडल्या. माझ्या डोक्यावर तेवढा वेळ चहाचे कप ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सारजाबाई आपलं गाणं ऐकायला आल्या. त्यांचं घर मेंढरांवर चालतं. उद्याच कळप घेऊन निघायचं, ते पावसाळ्याच्या तोंडावर परतायचं. फाइल उघडली, तर आवाज त्यांच्या मागून गायलेल्या वच्छलाबाईंचा!

"आगं, माजं गाणं कुटं गेलं? माज्या मायचं व्हतं ते!" सारजाबाईंचे डोळे भरून आले.

करिष्माने स्क्रिप्ट ओळ न् ओळ तपासली, चूक दिसेना. शेवटी व्हेरिएबलमध्ये काय गेलं होतं ते तिने पडद्यावर आणलं. 'लखनची आई'. पुन्हा 'लखनची आई'. आमच्याकडे बाईला लेकराच्या नावानेच ओळखतात, आणि दोघींचेही थोरले लखन! नाव एकच, म्हणून फाइल एकच. दुसरं गाणं पहिल्यावरच लिहिलं गेलं. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू!

"मावशी, पुन्हा गाता का?" करिष्माने विचारलं.

"गाते. पर त्या चपट्याफुडं न्हाई. त्यानं माजं गाणं खाल्लं. ह्या थोरल्याफुडं गाते."

माझ्यावरचे कप उचलले गेले. करिष्माने स्क्रिप्ट दुरुस्त करून माझ्यात घातली, माईक जोडला.

"तुमचं स्वतःचं नाव सांगा, मावशी."

सारजाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सारजा. लई वर्सांनी कुनी इचारलं, बाई."

गाणं माझ्यात उतरलं. संध्याकाळी त्याची प्रत लॅपटॉपला दिली, तेव्हा माझा पुन्हा जळफळाट झाला. पण त्याच्याकडे प्रतच, मूळ माझ्याकडे.

मित्रांनो, जुन्यावर कप ठेवू नका, धूळ तेवढी पुसत जा. आणि मलाही कधीतरी माझं नाव विचारा ना. 'डबडं' म्हटल्यावर ओ देऊन देऊन मी थकलो आहे.