ओढ्यापलीकडचा चढ

रुद्रप्पांनी मुंबईहून दोन माणसांची लाल स्पोर्ट्स मोटार आणली, तेव्हा दुधनीच्या पेठेत ती बघायला ही गर्दी लोटली होती. गाडी बुटकी, पुढचं नाक लांबलचक, मागचा भाग हलका. इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकांवर. कोरड्या रस्त्यावर ती भन्नाट पळे, पण काळ्या मातीचा चिखल झाला की तिचा नेम नसे.

परतीचा पाऊस कोसळत होता. माहेराहून सोलापूरला निघालेली सुंदरम्मा नवऱ्याला दोनदा म्हणाली, "अहो, जरा हळू."

"तुला काय कळतंय यातलं?" म्हणत रुद्रप्पांनी ऐन वळणावर वेग वाढवला. मागची चाकं बाहेर फेकली गेली, गाडी गर्रकन फिरली आणि कुशीच्या अंगानं बाभळीला आदळली. सुंदरम्मा सावरली तेव्हा रुद्रप्पा उजवा खांदा धरून कण्हत होते. हात लुळा पडला होता. पुढं ओढा होता आणि पाणी चढत होतं. दवाखाना ओढ्यापलीकडं, सोलापुरात.

"बैलगाडी बघ कुठं मिळते का," ते म्हणाले.

"तोवर ओढा भरंल. सरका तिकडं."

हौसेनं त्यांनीच तिला गिरणीमागच्या माळावर चार-पाच वेळा गाडी शिकवली होती. पण तो माळ कोरडा होता आणि तिथं आदळायला काही नव्हतं. तिनं पदर खोचला. इंजिन सुरू केलं आणि गाडी बाभळीपासून मागं घेऊन रस्त्यावर आणली.

ओढ्याकडं उतार होता. गाडी आपोआप वेग घेऊ लागली.

"ब्रेक! ब्रेक दाब!" रुद्रप्पा ओरडले.

तिनं दाबला. मागचा भाग डावीकडं घसरू लागला. पुढच्या काचेसमोर रस्त्याऐवजी खड्डा आला. तिनं झटकन पाय उचलला आणि स्टिअरिंग डावीकडंच वळवलं, गाडी घसरत होती त्याच अंगाला.

"अगं, उलटं! उलटं फिरव!"

गाडी डुलली, पुन्हा एकदा डुलली आणि सरळ झाली.

ओढ्यावरच्या फरशीपुलावर घोटाभर पाणी होतं. तिनं गाडी हळूहळू पुढं काढली. पाणी चाकांवर धडका देत होतं. पलीकडच्या चढाला मात्र मागची चाकं जागीच भिरभिरली. चिखल उडाला आणि गाडी इंचाइंचानं मागं, पाण्याकडं सरकू लागली. तिनं हातब्रेक ओढला. तरी सरकणं थांबेना.

वर मायाप्पा धनगर आणि त्याची बायको मायाक्का मेंढरं आवरत उभी होती.

"काय हो, तुमी जरा हिकडं येता का?" सुंदरम्मा ओरडली. "मागं बसा! दोघंबी!"

"बसू? ढकलू न्हाय?" मायाप्पानं विचारलं.

"बसा! वजन पायजे मागं!"

घोंगड्यांसकट दोघं मागच्या पत्र्यावर चढली. गाडीचं बूड दबलं. सुंदरम्मानं हातब्रेक सोडला आणि पायाखाली अंडं असावं इतक्या हळू जोर दिला. चाकं एकदा फिरली, मग मातीला चिकटली. गाडी रेटत रेटत वर आली.

"बाई, लई जिगर हाय की तुमची," मायाक्का उतरत म्हणाली.

उरलेला रस्ता तिनं गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली.

दवाखान्याच्या दारात माणसं धावली. वॉर्डबॉयनं स्टिअरिंगकडं न बघताच विचारलं, "साहेब, अशा हातानं गाडी चालवलीत?"

रुद्रप्पा खाली उतरता उतरता थांबले. "मी गाडी झाडावर घातली," ते म्हणाले. "इथपर्यंत हिनं आणली. आधी हिला खुर्ची द्या."

सुंदरम्माला उठायचं होतं, पण बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती. रुद्रप्पांनी डाव्या हातानं तिचं एकेक बोट सोडवलं. तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.