धोंड्याच्या महिन्यातला विमा

माझे सासरे पोपटराव देवळात फारसे जात नाहीत, पण पंचांगाला विचारल्याशिवाय दाढीसुद्धा करत नाहीत. दौंड तालुक्यातल्या राहू गावात त्यांचा ऊस आहे, दोन विहिरी आहेत आणि शब्दाला वजन आहे. कांद्याची लागण असो की सोसायटीच्या निवडणुकीचा अर्ज, आधी पंचांग उघडतं, मग तोंड उघडतं.

मी इंद्रजीत, त्यांचा एकुलता एक जावई. मूळचा मांडवगण फराट्याचा. सणसवाडीच्या एका कंपनीत कामाला आहे, तिथंच भाड्याच्या खोलीत बायकोबरोबर राहतो आणि शिफ्ट सुटली की गाड्यांचे विमे काढतो. एजंट माणूस बोलका हवा म्हणतात. मी आहे बोलका. फक्त सासऱ्यांसमोर माझी जीभ टाळूला चिकटते.

दोन हजार सालच्या दसऱ्याला मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जीप घेतली. त्या वर्षी दसरा सात ऑक्टोबरला होता. विमा अर्थातच माझ्याकडून काढला. कागद हातात घेऊन त्यांनी तो डोक्याला लावला आणि मला विचारलं, "म्हंजी आता ह्या दसऱ्यापासनं पुढच्या दसऱ्यापतोर काळजी न्हाई?"

तिथंच मी म्हणायला हवं होतं, की नाही मामा, सहा ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपर्यंत. पण पुढ्यात बासुंदीची वाटी होती. मी मान हलवली.

पुढच्या वर्षी अधिक महिना आला, तोही नेमका आश्विनात. दसरा एकोणीस दिवस पुढे सरकून सव्वीस तारखेला गेला. विमा मात्र जागचा हलला नाही.

पाच ऑक्टोबरला मी राहूला जाऊन आठवण करून दिली. मामा अंगणात बाजेवर बसले होते.

"मामा, जीपच्या विम्याचं बघायला पायजे."

"बघू की दसऱ्याला."

"न्हाई, तारीख उद्या..."

"जावईबापू, धोंड्याचा महिना चाललाय. ह्या महिन्यात कुणी नवं काय करतंय व्हय? दसरा ते दसरा म्हनलं ना? दसरा कुठं आलाय अजून?"

मी चहा प्यायलो आणि घरी आलो. सायलीनं, माझ्या बायकोनं, दारातच विचारलं, "आबांना सांगितलं का नीट?"

"सांगितलं."

"कसं?"

"हळू."

तिनं कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर मी हळू बोललो त्याला कारण होतं. अधिक महिन्यात जावयाला वाण देतात, आणि सासूबाईंनी, साखरबाईंनी, माझ्यासाठी सोन्याची अंगठी करून ठेवल्याची बातमी सायलीनंच मला फोडली होती. अंगठी आठ दिवसांवर आली असताना सासऱ्याशी कायदा बोलणारा जावई मी तरी पाहिलेला नाही. लाज वाटते, पण झालं ते असं.

चौदा तारखेला धोंड्याचं जेवण ठरलं. सायली अनारसे तळायला दोन दिवस आधीच माहेरी गेली होती. मला न्यायला मामा स्वतः सणसवाडीला आले, जीप घेऊन, नवीन फेटा बांधून. विमा संपून आठवडा झालेली ती जीप मी पाहिली, तेव्हा मनात आलं, की पोट बिघडलंय म्हणावं आणि एसटीनं मागून जावं. पण मामांनी पुढचं दार उघडून धरलं होतं. मी बसलो. एजंट आहे मी! दिवसभर लोकांना सांगत फिरतो, की बाबांनो, विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

आता मामांच्या घरातला एक नियम सांगतो. जावयाला एका हातानं काही द्यायचं नाही. पाण्याचा तांब्या असो, चुन्याची डबी असो, दोन्ही हात पुढे करायचे आणि मान थोडी खाली. लग्नाला चार वर्षं झाली, पण त्यांनी मला एका हातानं साधी सुपारीसुद्धा दिली नव्हती.

राहू आलं. डेअरीजवळ मामांना आठवलं, की जावयासाठी खास विडा बांधून आणलाय. त्यांनी तो खिशातून काढला, माझ्याकडे वळले, आणि सवयीनं दोन्ही हात पुढे केले.

"घ्या, जावईबापू."

मी, मूर्खासारखा, मान लववून विडा घेतला. स्टिअरिंग मोकळं होतं. जीप सावकाश होती, पण ती आपल्या मनानं डावीकडे गेली आणि तिकडून सायकलवर दुधाच्या किटल्या लावून हरिबा येत होता.

हरिबा साठीचा दूधवाला. सायकल एकीकडे, किटल्या एकीकडे आणि तो मधे, दुधात बसलेला. उजवा पाय नको त्या बाजूला वळला होता. मी खाली उडी मारली.

हरिबानं दातांवर दात आवळून कळ सोसली, मग आमच्याकडे पाहिलं. "पोपटराव, जावयाला विडा तरी पोचला का?"

विडा माझ्या हातातच होता.

त्याला उचलून त्याच जीपमधून दौंडच्या दवाखान्यात नेलं. या वेळी मामांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं होतं, की दवाखान्यात पोचल्यावर त्यांची बोटं सरळ होईनात. गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं, आणि हवालदार येतोय म्हटल्यावर मामांनी मला औषधांच्या दुकानामागं ओढलं.

"जावईबापू, तुमच्या पिशवीत ते विम्याचं पुस्तक आसतं ना?"

असायचं. कव्हर नोटचं पुस्तक, पॉलिसी येईपर्यंत तेवढा कागद चालतो. माझ्या पिशवीत ते कायम असे.

"त्यात लिवा. कालची तारीख टाका. न्हाईतर सहाच टाका, म्हंजी वर्षाला वर्ष जुळतंय."

"मामा, अधिक महिन्यात नवं काही..."

"हे जुनंच हाय की!"

मी पुस्तक काढलं. हात पिशवीत गेलाच, खोटं कशाला बोलू. समोर सासरा, घरात तळलेले अनारसे, साखरबाईंच्या डब्यात अंगठी, आणि मला फक्त एक तारीख लिहायची होती. पण पानांना नंबर असतात. आधीचं पान मी अकरा तारखेला सणसवाडीतल्या एका टेम्पोवाल्याला दिलं होतं. अकरानंतर सहा तारीख कशी येईल? कंपनीनं पुस्तक मागवलं की माझी एजन्सी जाणार, आणि वर फसवणुकीची केस होणार. म्हणजे मला त्या वेळी सत्य वगैरे आठवलं नव्हतं. मला भीती वाटली होती. आणि तिकडे आत हरिबाच्या पायाला फळ्या बांधत होते, त्याचं कण्हणं भिंतीपलीकडून येत होतं. पाच तारखेला मी मोठ्यानं बोललो असतो, तर निदान त्याच्या पायाचा खर्च कुठून येणार हा प्रश्न तरी राहिला नसता.

"मामा, न्हाई जमणार," मी म्हणालो. चार वर्षांतला माझा पहिला नकार.

मामांनी "जावईबापू" म्हणून पुन्हा सुरुवात केली, मग "इंद्रजीत" म्हणाले, आणि शेवटी नुसतंच "बरं."

हवालदार आला. लायसन पाहिलं, गाडीचे कागद पाहिले, मग विमा पाहिला.

"हा तर सहा तारखेला संपलाय. एजंट कोण तुमचा?"

मामांनी बोट केलं.

"आन् अपघाताच्या वेळी गाडीत कोण व्हतं?"

मामांचं बोट जागच्या जागीच होतं.

हवालदारानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग साहेब, तुम्ही बाकीच्या लोकांना काय इकता?"

जीप जप्त झाली. धोंड्याचं जेवण झालंच नाही, अनारसे आळीत वाटले गेले आणि अंगठी डब्यातच राहिली. मामांनी माझ्याशी बोलणं टाकलं. सायलीनं मात्र रात्री भाकरी वाढताना एवढंच म्हटलं, "आज मोठ्यानं बोललात म्हणे. आठ दिवस उशीर केलात."

सव्वीस तारखेला दसरा आला. मामा झेंडूचा हार, नारळ आणि विम्याचे पैसे घेऊन चौकीच्या आवारात गेले. मला निरोप होता, की पुस्तक घेऊन हजर राहा. त्यांनी जप्त जीपची पूजा केली, हवालदारालाही आपट्याची पानं दिली, विजय मुहूर्त लागल्यावर मला खूण केली आणि पैसे पुढे केले. एका हातानं.

मी पावती लिहिली. आता जीपला विमा होता, पण तिची चाकं हलणार नव्हती.

खटला दौंडच्या कोर्टात उभा राहिला. वकिलांनी मामांना बजावलं होतं, "फक्त गुन्हा कबूल म्हणायचं. एक शब्द जास्त नको." मी मागच्या बाकावर होतो. न्यायाधीश एक चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी वाचून दाखवलं: निष्काळजीपणे गाडी चालवून एकाला जबर दुखापत केली, आणि गाडीला विमा नव्हता. "विम्याशिवाय गाडी चालवल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गुन्हा कबूल आहे?"

"धडक कबूल हाय, मॅडम," मामा म्हणाले. वकिलांनी डोळे मिटले. "पर विमा व्हता."

"पॉलिसी सहा ऑक्टोबरला संपली."

"ते इंग्रजी झालं. म्या दसऱ्याला काढला व्हता. दसरा ते दसरा एक वर्स. अधिक महिना आला त्याला म्या काय करू? वर्स लांबलं, तवा विमा बी लांबला."

कोर्टात खसखस पिकली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे तुमचे महिने पंचांगानं मोजायचे?"

"व्हय, मॅडम. आमच्याकडं तसंच हाय."

"ठीक. मी तुम्हाला तीन महिन्यांची कैद दिली आणि मधे अधिक महिना आला, तर तुम्ही चार महिने बसणार का?"

मामांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरताना मला दिसला. मग त्यांनी फेटा काढून हातात घेतला.

"कॅलेंडरनंच मोजा, मॅडम," ते हळूच म्हणाले. "गुन्हा कबूल हाय."

वय आणि पहिलाच गुन्हा बघून बाईंनी दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद दिली. संध्याकाळपर्यंत मामा कोपऱ्यातल्या बाकावर फेटा मांडीवर घेऊन बसून राहिले. हरिबाच्या पायाची भरपाई पुढे पुण्यात वेगळी ठरली. विमा असता तर ती कंपनीनं भरली असती. ती मामांच्या उसातून गेली.

पाय जुळला, पण हरिबाला सायकल चालवता येईना. मग मामाच रोज सकाळी त्याला आणि त्याच्या किटल्यांना सुटून आलेल्या जीपमधून डेअरीला पोचवू लागले. हे त्यांना कुठल्याही कोर्टानं सांगितलं नव्हतं. विमा ते दरवर्षी संपायच्या महिनाभर आधी काढू लागले. पैसे द्यायचे एका हातानं, तोंडानं फक्त "पावती." आंबे दिले एका हातानं. मला मुलगा झाला, त्याला घुंगरं दिली तीही एका हातानं. सायली म्हणायची, सोडून द्या. पण चार वर्षं दोन हातांनी मिळालेली गोष्ट एका हातानं मिळायला लागली, की ती हातात जड लागते.

दोन हजार चार साली श्रावणात अधिक महिना आला. जेवणाचा निरोप आला, तेव्हा मी सायलीला दोनदा विचारलं, की खरंच मला बोलावलंय का. मामा न्यायला आले. मागच्या सीटवर रिकाम्या किटल्या घेऊन हरिबा बसला होता. राहू आलं. डेअरीजवळ, नेमक्या त्याच जागी, मामांनी जीप कडेला घेतली. इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. मग चावी काढून मागे हरिबाकडे दिली.

"धर रं, हरिबा."

त्यांनी कोपरीच्या खिशातून एक डबी काढली. माझ्याकडे वळले, मान जराशी खाली केली आणि दोन्ही हात पुढे केले.

"घ्या, जावईबापू. तीन वर्स डब्यात पडली व्हती."

अंगठी घ्यायला मीही दोन्ही हात पुढे केले. मागून हरिबा म्हणाला, "घ्या निवांत. चावी माझ्याकडं हाय."