झेंड्याचं दीड सेंटीमीटर

मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नाही हं मित्रांनो! शिंपी गळ्यात लटकवतो ना, तो मापं घेणारा. रंग एकेकाळी पिवळा होता, लांबी दीडशे सेंटीमीटर, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. माझा सत्त्याऐंशीचा आकडा पार पुसला गेला आहे, त्यामुळे शहाऐंशीनंतर मला एकदम अठ्ठ्याऐंशीच येतात. हसा खुशाल!

मेणकापडाच्या लांबलचक पट्टीतून मला कापलं, आकडे छापले आणि एका शिंप्याला विकलं. चौदा वर्षं मी त्याच्या गळ्यात होतो. पोट आत ओढून उभं राहणारं गिऱ्हाईक मला लगेच कळायचं. शिंपी गेला, तेव्हा त्याच्या थोरल्या मुलीने मला तिच्या पर्समध्ये ठेवलं.

तिचं काम ऐकाल तर चाट पडाल. भांडणाऱ्या देशांचे पुढारी बोलणी करायला आमच्याकडे यायचे. तेव्हा कोण कुठल्या दाराने येणार, कोणाची खुर्ची किती उंच, कोणाचा पाण्याचा ग्लास किती लांब, हे सगळं ती मोजायची. कारण एकाची खुर्ची बोटभर उंच झाली की दुसरा बसायलाच तयार नाही! ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत, तिचे मोठे साहेबसुद्धा. आणि ताईचा एक नियम होता. खोलीच्या दोन्ही बाजू तिनेच मोजायच्या, आणि त्याही माझ्यानंच. लोक म्हणायचे, "ताई, आता तरी स्टीलचा घ्या." ती म्हणायची, "हा बाबांचा आहे." मला काय अभिमान वाटायचा!

पण मित्रांनो, कापडाची जात. रोज ओढलं जाऊन जाऊन मी ताणला गेलो होतो. माझे सेंटीमीटर खऱ्याहून किंचित लांब झाले होते. दोन्ही बाजू माझ्यानंच मोजल्या जायच्या, म्हणून ते कधी कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग तो दिवस आला.

शेजारच्या दोन देशांचं युद्ध तिसऱ्या वर्षात पोचलं होतं. ताईची धाकटी बहीण तिथेच, नदीकाठच्या गावात दिलेली. त्या दिवशी सकाळी आठ ते बारा तोफा बंद राहणार होत्या. गावातली माणसं चाळीस बसमध्ये बसून पुलाच्या तोंडाशी थांबली होती. दोन्ही पुढाऱ्यांनी बाराच्या आत एका कागदावर सह्या केल्या तरच बस पूल ओलांडणार. नाही केल्या, तर तोफा सुरू, आणि बस मधोमध.

त्या पुढाऱ्यांपैकी एकाला आमच्या ऑफिसात हळूच 'डरकाळी' म्हणत आणि दुसऱ्याला 'घुम्या'. डरकाळीने मागच्या वेळी कागद फाडून दुभाष्याच्या अंगावर फेकले होते. घुम्या काही फाडत नसे. तो नुसता उठून जायचा. मागच्या वेळी तो असाच उठून गेला होता आणि तासाभरात एक अख्खं गाव पेटलं होतं. ओरडणारा परवडला, असं तेव्हापासून सगळे म्हणू लागले.

सकाळी साडेनऊला ताईने डरकाळीच्या झेंड्याची काठी माझ्यानं मोजून कापून घेतली. बैठकीच्या नियमांच्या कागदात ठरलेलं होतं, एकशेवीस सेंटीमीटर, ना कमी ना जास्त. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"ताई, आम्ही बसमध्ये बसलोय गं. सव्विसावी बस. पोरं विचारतायत, मावशीकडे जेवायला काय?"

"जे म्हणतील ते करीन. तू फोन चालू ठेव फक्त."

"बॅटरी संपत आलीय…" आणि फोन बंद.

ताई भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिच्या मुठीत होतो. तिच्या हाताला इतका घाम आला की माझे आकडे ओले झाले. तेवढ्यात तिचा सहकारी म्हणाला, "ताई, दुसरी काठी मी कापून घेऊ का? माझ्याकडे स्टीलचा आहे." ताईने नुसती होकाराची मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा तिने नियम मोडला.

डरकाळी आधीच आत येऊन बसला होता. अकरा वाजता घुम्या आला. त्याआधी त्याच्या सेक्रेटरीने स्वतःचा टेप काढून दोन्ही झेंडे मोजले. मग पुन्हा मोजले. मग तो घुम्याच्या कानाला लागला. घुम्या दारातच थांबला.

"त्यांचा झेंडा दीड सेंटीमीटर उंच आहे," सेक्रेटरी म्हणाला. "आमच्या साहेबांना बोलावून अपमान करायचा होता का?"

माझं काळीज, असतं तर, तिथेच फाटलं असतं. दीड सेंटीमीटर! तो मीच होतो. माझ्याच ताणलेल्या अंगाचा तो दीड.

मोठे साहेब ताईच्या कानाशी पुटपुटले, "ताई, लाकूड फुगलं म्हणून सांगा. हवेने."

"लाकूड उंचीने फुगत नाही हो साहेब. ते पुन्हा मोजतील, आणि खोटं पकडलं की संपलंच."

ती पुढे झाली. "चूक माझी आहे. एक काठी या जुन्या टेपने मोजली, दुसरी नव्याने. हा टेप ताणला गेलाय. कोणाचा अपमान करायचा नव्हता."

"मग त्यांची काठी कापा," सेक्रेटरी म्हणाला.

आतून डरकाळी फुटली. "माझा झेंडा कापणार? आधी माझी मान कापा!"

घुम्या पहिल्यांदाच बोलला, अगदी हळू. "तसंही चालेल."

घड्याळात अकरा वीस. मला दिसत होती ती सव्विसावी बस. कधी न पाहिलेली, तरी दिसत होती.

"कोणाचंच कापायचं नाही," ताई म्हणाली. "माझ्याकडे एक न कापलेली काठी शिल्लक आहे. तुमची नवी करते, त्यांच्याएवढी."

सेक्रेटरी हसला. "म्हणजे दोन्ही एकशे साडेएकवीस? कागदात एकशेवीस आहे, बाई. कागदच मोडला."

"माझ्या टेपने मोजा. दोन्ही एकशेवीस भरतील. कागदात माप लिहिलंय, टेप कुठला ते लिहिलेलं नाही. आणि तुम्हीच धरा ना, दोघंही."

मोठ्या साहेबांनी डोळेच मिटून घेतले. अशा माणसांना कोणी असं सांगतं का!

पण घुम्याने हात पुढे केला. ते पाहून डरकाळीही उठून दारापाशी आला. नवी काठी आली, तिच्यावर मला ताणून धरलं. माझं एक टोक घुम्याच्या चिमटीत, दुसरं डरकाळीच्या मुठीत. मित्रांनो, मी शेकडो माणसांच्या अंगाला लागलो आहे, पण एवढा कधी भ्यालो नाही. डरकाळीचा हात गरम, घामेजलेला. घुम्याचा थंड, कोरडा, अजिबात न थरथरणारा. मला जास्त भीती त्या न थरथरणाऱ्या हाताची वाटली. डरकाळीने मला हिसका दिला. माझे धागे करकरले.

"ओढू नका हो साहेब," ताई म्हणाली. "ओढलं की माप बदलतं."

डरकाळीने तिच्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता ही संपली. मग, कोण जाणे कसं, त्याची मूठ सैल झाली. काठीवर खूण झाली, करवत फिरली. घुम्याने वाकून आकडा वाचला. किती वेळ वाचत होता!

"एकशेवीस," तो म्हणाला, आणि आत जाऊन बसला.

अकरा छप्पन्नला सह्या झाल्या. ताई जिन्यात बसून राहिली, मला बोटाला गुंडाळून, सोडून, पुन्हा गुंडाळून. बारा वाजले. साडेबारा. बहिणीचा फोन बंदच. दीड वाजता अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मावशी, आम्ही पुलाच्या अलीकडे आलो. आई रडतेय, म्हणून मी बोलतोय. आम्हाला भूक लागलीय."

मी तिच्या बोटाला इतका घट्ट होतो की बोट पांढरं पडलं होतं.

युद्ध काही त्या दिवशी संपलं नाही. दोन महिन्यांनी त्या दोघांचं पुन्हा बिनसलं, पुन्हा तोफा वाजल्या, पुन्हा बोलणी. आता ऑफिसात लाल ठिपका टाकून मोजणारं यंत्र आलं आहे, आणि मी ताईच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये असतो, पिना आणि वाळलेल्या पेनांबरोबर.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतील की आम्हाला अडगळीत टाकू नका. मी उलटं सांगतो. मला इथेच पडू द्या. ड्रॉवर उघडला की मी दचकतो, कारण यंत्राचं माप कोणी मानेना झालं की मला बाहेर काढतात, आणि तेव्हा कुठल्यातरी पुलापाशी माणसं थांबलेली असतात. तुमचं भांडण झालं, तर दोघांना एकाच टेपने मोजा, मग तो जुना, वेडावाकडा का असेना. आणि ओढू नका. मी कापडाचा आहे, आणि पलीकडच्या टोकाला नेहमी कोणीतरी बसमध्ये बसलेलं असतं.