धाकटीचा पायगुण

आधीच सांगून ठेवतो, यात भूतबीत काही नाही. जे झालं ते विद्यापीठाच्या रसायन केंद्रात, तिसऱ्या मजल्यावर, भरदिवसा आणि चार शिकल्यासवरल्या माणसांच्या डोळ्यांदेखत झालं.

तिथे एक धाकटी होती. दोघी बहिणींतली धाकटी. चार वर्षं ती एकाच औषधाच्या मागे हात धुऊन लागली होती. त्याची पूड पाण्यात उकळून विरघळवायची, ते पाणी अगदी सावकाश गार करायचं, की तळाशी लांब, पातळ स्फटिक उगवायचे. सगळे त्यांना सुया म्हणायचे. सुया पोटात गेल्या की मिनिटांत विरघळत, आणि धाकटीचा अख्खा प्रबंध या एका गोष्टीवर उभा होता.

एका सोमवारी सुयांच्या जागी दाणे आले. जाड, ठेंगणे, साखरेसारखे. औषध तेच, पाणी तेच, हात तेच. धाकटीला आधी गंमतच वाटली. "अगं बाई, हे कोण पाहुणे?" म्हणत तिने ते भिंगाखाली घातले. पण मंगळवारी पुन्हा दाणे. बुधवारी शेजारच्या टेबलावर दाणे, गुरुवारी खालच्या मजल्यावर दाणे. आणि ते पाण्यात नुसते ढिम्म बसून राहत. असलं औषध रोग्याने गिळायचं आणि वाट बघत बसायचं, दुसरं काय!

त्यात परीक्षकाचं पत्र आलं. सुया पुन्हा करून दाखवा, निदान एका धड सुईचं यंत्रातून चित्र काढून पाठवा, नाहीतर प्रबंध परत. मुदत एक महिना.

"दाण्याचा एक कण पुरतो," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "डोळ्याला दिसतसुद्धा नाही. विरजणासारखं आहे ते. पडला भांड्यात की सगळं त्याच्याच वळणावर जातं."

"पण तो कण पडतो कुठून, सर?"

सरांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

झालं, धाकटीला किडा चावला. हा न दिसणारा कण जातो तरी कुठवर? गावाच्या दुसऱ्या टोकाला तिच्या मित्राची प्रयोगशाळा होती. तिथे सुया छान येत होत्या. धाकटी बघायला गेली, दहा मिनिटं थांबली, कशाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिथेही दाणे.

"बाई, तुझ्या पाया पडतो," मित्र म्हणाला, "पण तुझा पायगुण नको. यापुढे फोनवर बोलत जा."

तिने केस धुतले, चपला बदलल्या, नवे कपडे घातले. घरच्या स्वयंपाकघरात करून पाहिलं. दाणे! कण केसांत होता, पिशवीत होता की वहीच्या पानांत, देव जाणे. आता असं घर हवं होतं जिथे ती, तिची वस्तू किंवा केंद्रातलं कुणीही गेल्या वर्ष-दोन वर्षांत गेलेलं नाही. तिने ओळखीची सगळी घरं कागदावर लिहिली आणि एकेक खोडत गेली. एकच घर उरलं, तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

ते थोरलीचं होतं. तीन वर्षांपूर्वी आई दवाखान्यात होती. थोरलीने फोन केला, लगेच निघ. धाकटी म्हणाली, भांडं गार होतंय, तासाभरात निघते. ती पोचली तेव्हा आई गेली होती. थोरलीने सगळ्यांसमोर सुनावलं, "तुला भांडं मोठं झालं ना? मग भांडंच सांभाळ. माझ्या घरी येऊ नकोस." आणि धाकटी गेली नव्हती.

दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवत ती बसली. शेवटी लावला.

"ताई, मी बोलतेय."

"कळलं. कोण गेलं?"

"कुणी नाही. माझं एक काम होतं."

"तीन वर्षांनी फोन, तोही कामासाठी?"

"हो," धाकटी म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. "आपण भांडलो म्हणून तुझं घर स्वच्छ राहिलंय."

पलीकडे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. थोरली लोकांचे कपडे शिवायची. "हे मात्र नवीनच ऐकतेय," ती म्हणाली. "सांग बघू."

औषधाची सीलबंद बाटली कारखान्यातून थेट थोरलीकडे गेली. धाकटी फोनवरून कृती सांगायची, थोरली करायची. पहिल्या दिवशी पातेल्यात नुसता गढूळ गाळ झाला.

"घाई केलीस, ताई."

"मला शिकवू नकोस," थोरली म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिने पातेलं रजईत गुंडाळलं. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "काय गं, पातेल्याला जिथे ओरखडा आहे तिथूनच का उगवतं हे?" धाकटी चाटच पडली. हा प्रश्न केंद्रातल्या भल्याभल्यांना सुचत नाही. चौथ्या दिवशी थोरलीने काचेची नवी बरणी आणली. गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडून राहिले. सहाव्या दिवशी ती फोनवर ओरडलीच, "आल्या! माझ्या हातशिलाईच्या सुईहून बारीक आहेत गं!"

चित्र काढणारं यंत्र भौतिकीच्या इमारतीत होतं. तिथला यंत्रवाला महातुसडा, रसायनवाल्यांकडे चहालाही फिरकायचा नाही. त्याच्या तुसडेपणाचा जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी उपयोग झाला. तो थोरलीकडे गेला, भिंगातून निरखून एक सुई निवडली, बारीक काचनळीत बंद केली. "एवढी एकच धड आहे," तो फाटकातून ओरडला. "वाटेत मोडली तर पुन्हा करावी लागेल."

धाकटी रस्त्यापलीकडे उभी होती. थोरलीचे केस किती पिकले होते! तो गेल्यावर धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "ताई, आत येऊ?"

"तिथेच थांब! मोडली तर दुसरी कुठे करणार आहेस?"

थोरलीने चहाचा कप आणून फाटकाच्या खांबावर ठेवला आणि चार पावलं मागे सरकली. धाकटीने रस्ता ओलांडून कप उचलला.

"परवा लेकीच्या शाळेतून फोन आला," थोरली म्हणाली. "ताप आलाय, घेऊन जा म्हणाले. मी म्हटलं, पाच मिनिटांत निघते. बरणी गार होत होती. बघता बघता तास गेला."

"कशी आहे ती?"

"बरी आहे. पण रस्त्याने धावताना सारखी तूच डोळ्यांसमोर येत होतीस." तिने पदराने नाक पुसलं. "माफ नाही केलेलं हं मी तुला. पण कळलं."

धाकटीला रडू आवरेना. चहा खारट झाला, तरी तिने तो संपवला. चित्र दुसऱ्या दिवशी नीट निघालं आणि प्रबंधही मार्गी लागला, पण त्या घटकेला तिच्या मनात ना चित्र होतं, ना प्रबंध.

"कप कुठे ठेवू?"

"इथे नको ठेवू बाई, तुझा हात लागलाय त्याला," थोरली म्हणाली. "घेऊन जा. चित्र निघालं की घरात आणून दे."