नवसाचं रिव्हॉल्व्हर

शुभाताईंनी नवस बोलला तेव्हा ट्रकचा वेग ताशी अकरा मैल होता, बाहेर बर्फाचं वादळ होतं आणि त्यांची लेक राधिका मागच्या सीटवर आडवी होऊन नवऱ्याचा हात पिळत होती. नवरा म्हणजे सुशांत. मूळचा नागपूरचा, गेली सहा वर्षं अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत, एच-वन व्हिसावर. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी फोनवर पन्नास मिनिटं सांगितली होती आणि बाळाला ती मुदत मान्य नव्हती. तेव्हा शेजारचा लाइल, वय शहात्तर, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेला आपला ट्रक घेऊन दारात उभा राहिला. रस्ता साफ करत करतच त्यानं सगळ्यांना हॉस्पिटलपर्यंत नेलं. वाटेत सवयीनं एका ओळखीच्या म्हातारीच्या घरापुढचा ड्राइव्हवेही साफ करून दिला. त्याला अडीच मिनिटं लागली. सुशांतनं मोजली होती.

त्या अडीच मिनिटांत शुभाताई कोराडीच्या देवीला म्हणाल्या, की लेक आणि बाळ सुखरूप राहू दे, हा ट्रकवाला मागेल ते मी याला माझ्या हातानं देईन.

दोघी सुखरूप राहिल्या. बाळाचं नाव सिया ठेवलं. नवस मात्र तसाच राहिला, कारण लाइल काही मागेना.

सुशांतनं आपल्या परीनं आभार मानून पाहिले होते. पण तो ज्या ऑफिसात काम करायचा तिथं लोक मीटिंग पुढे ढकलली तरी थँक्यू म्हणायचे आणि रद्द केली तर मनापासून थँक्यू म्हणायचे. इतका झिजलेला शब्द लाइलला द्यायला त्याला लाज वाटे. तरी त्यानं तो चाळीसेक वेळा दिला. लाइल प्रत्येक वेळी म्हणायचा, की बर्फ तर त्याला काढायचाच होता.

शुभाताईंचा मार्ग सरळ होता. रोज कुंपणापाशी जाऊन त्या विचारत, "लाइलभाऊ, व्हॉट यू वॉन्ट?" तो म्हणे, काही नको. असं साडेचार महिने चाललं. शेवटी जूनमध्ये एका दुपारी, टपालपेटीचा खांब बदलता बदलता, विषय एकदाचा संपावा म्हणून लाइल म्हणाला, की द्यायचंच असेल तर एक रिव्हॉल्व्हर द्या. जुन्या पद्धतीचं. प्रत्येक गोळीला अंगठ्यानं घोडा मागे ओढावा लागतो तसलं. त्याच्या वडिलांकडे होतं, एका कडक हिवाळ्यात घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली तेव्हा त्यांनी ते विकलं. एवढं सांगून तो हसला आणि खांब ठोकायला लागला.

त्यानं विनोद केला होता. शुभाताईंनी ऑर्डर घेतली.

"देऊन टाकू," त्या घरी येऊन म्हणाल्या. "गुरुवारी माझं विमान आहे. त्याच्या आत."

नवस बोलताना काहीतरी वरची मर्यादा घालायला हवी होती, असं सुशांतचं मत पडलं, पण ते त्यानं सासूबाईंना सांगितलं नाही. कारण त्यानं पाहिलं होतं, की सिया शिंकली तरी शुभाताई आधी तिच्याकडे आणि मग देवाच्या फोटोकडे बघतात. देवीकडून घेतलं आणि बोललेलं दिलं नाही, तर देवी दिलेलं परत मागते, हे त्या तोंडानं कधी म्हणाल्या नाहीत. पण गेला आठवडाभर त्या धड झोपल्या नव्हत्या. सियाच्या पाळण्याशेजारी खुर्ची टाकून बसत. सुशांतचा नवसावर विश्वास नव्हता. पण त्या खुर्चीपुढे त्याचं काही चालेना.

मंगळवारी तो, सासूबाई आणि लाइल असे तिघं बंदुकीच्या दुकानात गेले. लाइल आनंदानं आला. तो दर महिन्याला तिथं जायचाच. पिस्तूल विकत घ्यायला पोलिसांचा परवाना लागतो, तो तीस दिवस चालतो. लाइल दर महिन्याला नवा परवाना काढायचा, दुकानात काचेतून बघायचा आणि परवाना संपू द्यायचा. लोक देवळात जातात तसा.

दुकानाची मालकीण डार्लीन साठीची होती. अंगात लोकरीचा स्वेटर, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सुया आणि लोकर विकतेय. सुशांतनं तिला रीतसर सांगितलं, की आम्हाला या गृहस्थांना रिव्हॉल्व्हर भेट द्यायचंय. तिनं विचारलं, तुम्ही नागरिक आहात का, ग्रीन कार्ड आहे का. सुशांत म्हणाला, रांगेत आहे. रांग किती मोठी, हे तिनं विचारलं नाही हे बरं झालं. असल्या बाबतीत सुशांत फार बोलायचा.

डार्लीननं शांतपणे सांगितलं, की मग विकत घेणं सोडा, हातसुद्धा लावायचा नाही. व्हिसावरच्या माणसाला बंदूक चालत नाही. एक अपवाद आहे, शिकारीचा परवाना. म्हणजे या देशात पाहुण्याला पिस्तूल हवं असेल तर आपण कुणालातरी मारणार आहोत हे त्यानं सरकारला आधी कळवायचं. निदान ससा तरी. शुभाताईंना हे भाषांतर करून सांगितल्यावर त्यांनी कानाच्या पाळ्यांना हात लावले. मंगळवारी त्या अंडं घातलेला केकसुद्धा खात नसत.

सुशांतनं मनातल्या मनात घरातली माणसं तपासली. तो एच-वनवर. राधिका त्याच्यावर अवलंबून म्हणून एच-फोरवर. सासूबाई टूरिस्ट. घरात अमेरिकन नागरिक एकच होती आणि तिला अजून बसता येत नव्हतं.

"मग असं करू," शुभाताई म्हणाल्या, "भाऊच घेतील. आपण पसंत करू."

आणि मग सुशांतनं सहा वर्षांत पाहिली नव्हती अशी सासू पाहिली.

शुभाताई एका कारखान्यातून रिटायर झाल्या, एवढं त्याला माहीत होतं. लग्न जमताना कुणीतरी 'तपासणी विभाग' म्हटलं होतं आणि त्यानं हजेरीपट तपासत असतील अशी समजूत करून घेतली होती. प्रत्यक्षात त्यांनी एकतीस वर्षं लष्करी सामानाच्या कारखान्यात सुटे भाग तपासले होते. केसाच्या दहाव्या हिश्शाइतका फरक असला तरी माल परत. सुशांतनं कधी विचारलं नव्हतं, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी त्या त्याला पोह्यात मीठ बरोबर आहे का विचारायच्या आणि तो बरोबर आहे म्हणायचा. आता त्याला त्या सगळ्या उत्तरांची भीती वाटली.

डार्लीननं पहिलं रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची दोनदा खात्री करून हिरव्या कापडावर ठेवलं. लांब नळी, अक्रोडाची मूठ. शुभाताईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि नाक कापडापासून चार बोटांवर नेलं.

"भाऊ, उचला. उजेडात धरा. चक्र हलवा. फिरवू नका, हलवा."

सुशांत भाषांतर करत होता, लाइल करत होता. सहा गोळ्यांचं ते चक्र किंचित डुगडुगलं.

"रिजेक्ट," शुभाताई म्हणाल्या.

याला भाषांतर लागलं नाही.

दुसऱ्या रिव्हॉल्व्हरच्या स्क्रूच्या खाचा कुणीतरी आधीच झिजवल्या होत्या. रिजेक्ट. तिसऱ्याचं चक्र आणि नळी यांच्यातून पलीकडचा उजेड फार दिसत होता. डार्लीनला ते पटेना. तिनं खणातून पातळ पात्यांचं गेज काढलं, फटीत घालून पाहिलं आणि चष्मा काढून शुभाताईंकडे पाहिलं. मग गेज ठेवून ती आत गेली आणि बाहेर मांडत नाही तो ट्रे घेऊन आली. साडीच्या दुकानात गिऱ्हाईक ओळखल्यावर आतला गठ्ठा निघतो, तसं.

घोड्याची परीक्षा सगळ्यात अवघड होती. चांगल्या मालाचा घोडा मागे ओढताना चार वेळा खटकतो. शुभाताईंनी लाइलला सावकाश ओढायला सांगितलं. त्यानं ओढला.

"किती वाजले, भाऊ?"

लाइल म्हणाला, दोन.

चार वाजले होते. दुकानात सगळ्यांनी चार ऐकले होते, मागे मासेमारीच्या काठ्या बघणाऱ्या माणसानंसुद्धा. शुभाताईंनी लाइलकडे क्षणभर पाहिलं, स्क्रूच्या खाचांकडे पाहिलं होतं तसं. पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच डोळे मिटून ऐकलं.

सहा रिव्हॉल्व्हरं परत गेली. सातवं इटलीत बनलेलं होतं, जुन्याची हुबेहूब नक्कल. चक्र घट्ट, फट बारीक, घोडा चार ठोके स्वच्छ देणारा. शुभाताईंनी ते सगळ्या बाजूंनी फिरवून घेतलं. लाइलच्या चेहऱ्यावर जे होतं ते सुशांतनं चाळीस थँक्यूंमध्ये एकदाही पाहिलं नव्हतं.

"पास," शुभाताई म्हणाल्या.

डार्लीननं फॉर्म काढला. लाइलनं पेन उचललं. नाव लिहिलं. आणि तेवढ्यात शुभाताईंनी आपलं काम केलं. घरून आणलेलं पाकीट पर्समधून काढून त्यांनी ते लाइलच्या शर्टाच्या खिशात कोंबलं. जाड पाकीट, वर हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. लाइलनं ते काढून परत दिलं. त्यांनी पुन्हा कोंबलं. तो मागे सरला. त्या पुढे झाल्या. "असू द्या हो भाऊ, असू द्या." तो नो नो म्हणत होता. लग्नाच्या मांडवात हे दृश्य कुणी मान वळवूनसुद्धा बघत नाही. इथं मात्र काउंटरवर पिस्तूल होतं, आणि एक परदेशी पाहुणी, जिला बंदूक घेता येत नाही, फॉर्म भरणाऱ्या माणसाच्या खिशात जाड पाकीट कोंबत होती.

डार्लीननं पेनला टोपण लावलं.

ती ओरडली नाही. तिनं फॉर्म फाइलमध्ये ठेवला, रिव्हॉल्व्हर ट्रेमध्ये, ट्रे कपाटात. मग सुशांतला समजावून सांगितलं, की दुसऱ्याच्या पैशानं, दुसऱ्यासाठी बंदूक घेणं हा गुन्हा आहे, आणि तिच्या डोळ्यांसमोर जे झालं ते अगदी तसं दिसतं. ते तसं नाही हे तिला कळतंय. पण तिनं जे पाहिलं ते पाहिलं. शनिवारी लाइलनं एकट्यानं यावं, स्वतःच्या पैशानं घ्यावं. तोवर हे सातवं ती बाजूला ठेवेल.

सुशांतच्या डोळ्यांपुढून ग्रीन कार्डची रांग उलट दिशेनं सरकत गेली. त्यानं भाषांतर करताना 'गुन्हा' हा शब्द 'अडचण' असा केला.

"पण शनिवारी मी नाही ना," शुभाताई म्हणाल्या.

त्या दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसल्या. पाकीट मांडीवर. रडल्या नाहीत, पण पाकिटाच्या कडा बोटांनी सरळ करत राहिल्या. कडा आधीच सरळ होत्या.

सुशांत लाइलशी बोलायला गेला. काय बोलायचं हे ठरलं नव्हतं. पण बोलायला लागला आणि सगळंच निघालं, ट्रकमधला नवस, कोराडीची देवी, सियाच्या पाळण्याशेजारची खुर्ची. हे त्यानं लाइलला कधी सांगितलं नव्हतं. लाइल उजवा कान पुढे करून ऐकत होता. मधे दोनदा त्यानं पुन्हा सांगायला लावलं. डार्लीन काउंटर पुसत होती, एकाच जागी.

"म्हणजे तिनं देवाला माझं नाव सांगितलं?" लाइलनं विचारलं.

"नाव तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. ट्रकवाला म्हणाल्या."

लाइल शुभाताईंच्या समोर गेला, टोपी काढली आणि म्हणाला, की रिव्हॉल्व्हर तो शनिवारी स्वतःच घेईल, ते त्याचं त्यानं घ्यायला हवंच होतं. पण मागायचंच असेल तर त्याला दुसरं काहीतरी हवंय. चार वर्षं झाली, तो कानाचं मशीन घ्यायला दुकानाच्या दारापर्यंत जातो आणि परत येतो. आतला माणूस भराभर बोलतो, अकरा प्रकार दाखवतो. ऐकू येत नाही म्हणून मशीन घ्यायला जावं, तर विकणारा काय म्हणतो तेच ऐकू येत नाही. बायको असती तर ती आली असती.

"उद्या माझ्याबरोबर चला," तो म्हणाला. "तिथं सहा रिजेक्ट करा."

सुशांतनं भाषांतर केलं. या वेळी एकही शब्द बदलला नाही.

शुभाताई उठल्या. "याला हात लावलेला चालतो?" त्यांनी डार्लीनला विचारायला सांगितलं. डार्लीन म्हणाली, चालतो.

बुधवारी त्यांनी नऊ रिजेक्ट केली. विकणाऱ्या माणसाला दोनदा पाणी प्यावं लागलं. त्यांनी प्रत्येक मशीन स्वतःच्या कानाला लावून पाहिलं, झाकण उघडून पाहिलं, दुकानातला फॅन सुरू करून आणि बंद करून ऐकून पाहिलं. दहावं पास झालं. पाकीट त्यांनी स्वतः काउंटरवर रिकामं केलं आणि मशीन स्वतःच्या हातानं लाइलच्या कानामागे बसवलं. मग त्यांनी डोळे मिटून हात जोडले. नवस फिटला की नाही हे देवीनं कळवलं नाही, पण परतताना गाडीत शुभाताई पहिल्या सिग्नललाच झोपल्या. तोंड उघडं टाकून, घोरत. सुशांतनं रेडिओ बंद केला आणि खड्डे चुकवत गाडी चालवली. कुणाचे आभार मानावेत हे त्याला नीट कळेना, म्हणून त्यानं सगळ्यांचे मानले. देवीचे, लाइलचे, डार्लीनचे, इटलीचे.

घरी राधिका दारातच सियाला घेऊन उभी होती. सिया भोकाड पसरून रडत होती. लाइल गाडीतून उतरला आणि जागच्या जागी थांबला. गेले पाच महिने तो साऱ्या गल्लीला सांगत आला होता, की इतकं शांत बाळ त्यानं जन्मात पाहिलं नाही.

"ही रडते?" त्यानं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, लाइल काका," राधिका म्हणाली.

तो पायरीवर बसला. सियाला मांडीवर घेतलं. ती त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन किंचाळली. लाइलनं कानामागचं बटण चाचपलं. सगळ्यांना वाटलं आवाज कमी करतोय. त्यानं वाढवला आणि डोळे मिटून ऐकत बसला.

दोन मिनिटांनी कमी केला. शेवटी माणूसच तो.