लेकीची अधिकृत भेट

दोन देशांचे मंत्री भेटतात, बंद दाराआड बसतात आणि बाहेर येऊन एक संयुक्त निवेदन वाचून दाखवतात, हे तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. तुम्हाला वाटत असेल, आत जे बोलणं झालं तेच त्यात लिहिलेलं असतं. छे हो! ते मी आधीच लिहिलेलं असतं. 'चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात पार पडली' हे वाक्य मी टाईप करतो, तेव्हा त्या चर्चेच्या खोलीत अजून झाडूसुद्धा फिरलेला नसतो. यात फसवाफसवी काही नाही. दोन मित्र देशांना ऐनवेळी एकमेकांच्या तोंडून 'नाही' ऐकावं लागू नये, म्हणून सगळं आधी खालच्या खाली चाचपून घ्यायचं, जमलं की कागदावर आणायचं, आणि मग मोठ्या माणसांनी नुसता चहा प्यायचा. माझी अख्खी नोकरी यात गेली. परराष्ट्र खात्यात मला 'मसुदेकाका' म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे आणि मला त्याची फिकीर नाही.

यंदाचं निवेदन ज्या देशाबरोबर होतं, तिथेच माझी मुलगी असते. त्यांचं लाकूड आमच्याकडे येतं, आमची औषधं त्यांच्याकडे जातात. मैत्री जुनी आहे, कुरबुर फक्त आयात शुल्काची. मुलगी तिकडे शिकायला गेली, तिकडच्याच मुलाशी लग्न केलं, तिकडची नागरिक झाली आणि त्यांच्या व्यापार खात्यात चिकटली. म्हणजे टेबलाच्या या बाजूला बाप आणि त्या बाजूला लेक. दोन्हीकडे सगळ्यांना हे माहीत होतं आणि कोणाची काही हरकत नव्हती. शेवटी निर्णय घेणारे आम्ही कोण? ती आकडे सांभाळते, मी शब्द सांभाळतो. या वेळी शिष्टमंडळात ती येणार असं कळलं, तेव्हा आमच्या सचिवबाई स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या.

"काका, लेक येतेय म्हणे! घरी ठेवून घ्या की चार दिवस. लाड करा."

"बघू," मी म्हणालो. बघू म्हणजे काय ते माझं मलाच माहीत नव्हतं.

आता घरचं सांगतो. बायको जाऊन तीन वर्षं झाली. ती होती तोवर लेकीशी बोलण्याचं काम तिच्याकडे होतं. ती फोनवर तासन्‌तास बोलायची, मी पेपरच्या आडून अधूनमधून "जेवते का नीट, विचार" किंवा "जावयाची सर्दी गेली का, विचार" असं सोडून द्यायचो. ते ती तिकडे पोचवायची, तिकडचं मला पोचवायची. माझं आणि लेकीचं अगदी उत्तम चाललं होतं. बायको गेली आणि दुवाच निखळला. मग दर रविवारी मी फोन करायला लागलो. तब्येत, हवा, काम, संपलं. फोन ठेवला की घर इतकं शांत व्हायचं की मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायचो. वाहू दे थोडं पाणी, तेवढाच आवाज. दोन खोल्यांचे दिवे मी हल्ली लावतच नाही. लावून बघणार कोण?

तर त्या रविवारी मी फोन केला.

"बैठकीला येणार असशील तू."

"हो, बाबा."

"इकडे उकडतंय. सुती कपडे आण."

"बरं."

मग ती थांबली. मला ऐकू येत होतं की ती थांबली आहे. "अजून काही, बाबा?"

"नाही. बाकी सगळं ठीक," म्हणालो आणि फोन ठेवला.

तुम्ही म्हणाल, अहो शहाणे, तिथेच विचारायचं ना की घरी राहायला येतेस का! पण ती 'नाही' म्हणाली असती तर? कामं असतील, हॉटेल ठरलं असेल, आणि तिला इथे यावंसं वाटत नसलं तर तेही तिच्या आवाजात कळलं असतं. उत्तर माहीत नसताना प्रश्न विचारायचा नाही, हे माझ्या हाडीमांसी मुरलं आहे. आमच्या धंद्यात आधी खालून चाचपतात. म्हणून मी चाचपायला गेलो. आणि कुठे गेलो, तर शिष्टाचार विभागात!

तिथे एक बाई आहेत, पाहुण्यांचे कार्यक्रम आखतात. आम्ही त्यांना 'घड्याळ' म्हणतो. त्यांनाही ते माहीत आहे आणि आवडतंसुद्धा.

"जरा त्यांच्या दूतावासात अंदाज घ्या ना," मी म्हणालो, "एखाद्या संध्याकाळी तिला आमच्या घरी यायला जमेल का ते."

"काका, तुमचीच मुलगी ना?" घड्याळबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हो, पण उगाच अडचणीत नको टाकायला तिला."

"मग असं करते, कार्यक्रमातच टाकते. रीतसर विचारलं की रीतसर उत्तर येतं."

"टाका," मी म्हणालो. माझा जीव भांड्यात पडला. आता 'नाही' आलं तरी ते दूतावासाचं 'नाही', लेकीचं नव्हे.

उत्तर आलं 'हो'! चर्चेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, अर्धा तास, सोबत त्यांचे एक सहकारी. अर्ध्या तासाचं मी मनावर घेतलं नाही. कागदावर काहीतरी लिहावं लागतं, म्हणून लिहितात. सहकाऱ्याला चहा पाजून वाटेला लावू आणि ती राहील, असं मी धरूनच चाललो. पोरगी घरी येतेय म्हटल्यावर माझ्या अंगात काय संचारलं होतं! बंद खोल्या उघडल्या, जळमटं काढली, तिच्या पलंगावर नवी चादर घातली, उशी उन्हात ठेवली. तिला लागतो तसला कडक, बिनसाखरेचा चहा दोनदा करून पाहिला. बोलायचं काय तेही ठरवलं. आधी तिच्या कामाचं विचारायचं, मग आईच्या कपाटाकडे वळायचं, तिच्या साड्या तशाच आहेत, तू बघून ठरव म्हणायचं, आणि बोलता बोलता सहज टाकायचं, की आता आलीच आहेस तर राहा. दाढी करताना मी ते 'सहज' तीनतीनदा म्हणून पाहिलं.

बेल वाजली. दारात ती, आणि तिच्या मागे एक पन्नाशीचे सद्गृहस्थ, हातात वही. ती वाळली होती. केस कापले होते, आणि आता मान वळवली की अगदी आईसारखी दिसत होती. मी "ये, ये गं" म्हणत पुढे झालो, तर ती त्या गृहस्थांकडे वळून त्यांच्या भाषेत म्हणाली, "हे माझे वडील." मग मलाही त्याच भाषेत म्हणाली, "आपण याच भाषेत बोलू. यांना समजलं पाहिजे."

माझ्याच दिवाणखान्यात, माझ्याच पोटच्या पोरीशी, मी परक्या भाषेत बोलायला बसलो. ती भाषा मला उत्तम येते. तिच्यात मी करार लिहिले आहेत. पण त्या भाषेत मी कधी कोणाला 'उपाशी आहेस का' विचारलेलं नाही.

"प्रवास ठीक झाला?"

"ठीक झाला. आपण कसे आहात?"

"उत्तम. घरचे?"

"सगळे मजेत."

गृहस्थ लिहीत होते. मला सांगा, यात लिहिण्यासारखं काय होतं? बरं, माणूस वाईट म्हणावा तर तेही नाही. संकोचून अगदी खुर्चीच्या कडेवर बसले होते बिचारे. चहाचं कौतुक केलं, भिंतीवरचा बायकोचा फोटो पाहून उभे राहिले, मान झुकवली. लेकीने फोटोकडे पाहिलं नाही. तिने तिच्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं, नव्या चादरीकडे पाहिलं आणि पटकन कप उचलला.

मी साड्यांचा विषय काढायला गेलो. पण 'तुझ्या आईच्या साड्या' हे त्या भाषेत, त्या वहीसमोर, तोंडातून निघेना. त्याऐवजी मी औषधांच्या नोंदणीचं काहीतरी बोललो! ऐकलंत? तीन वर्षांनी लेक घरी आली आणि मी औषधांची नोंदणी काढली. तीही मुकाट्याने म्हणाली, "त्यात प्रगती समाधानकारक आहे." चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात चालली होती.

वेळ संपली. गृहस्थ उठले. जिन्यापाशी त्यांचा फोन वाजला, की त्यांनी मुद्दाम वाजल्यासारखं केलं कोण जाणे, ते "माफ करा" म्हणत अर्धा मजला खाली उतरले. लेक चपला घालायला वाकली आणि खाली बघूनच आमच्या घरच्या भाषेत बोलली.

"बैठक संपल्यावर चार दिवसांची रजा टाकली होती मी. इथे राहायला."

"काय?"

"तुम्ही फोनवर एकदा 'ये' म्हणाल म्हणून वाट बघत होते. आई गेली तेव्हा तिसऱ्याच दिवशी म्हणालात, 'काम खोळंबेल, निघ तू.' म्हटलं, या वेळी बोलावतील. तर बोलावणं आलं, ते दूतावासातून! तुमच्या खात्याच्या शिक्क्याचं!"

"अगं, मी नुसतं चाचपायला..."

"बापाच्या घरी जायला मला कोणाची परवानगी लागत नव्हती, बाबा. पण समोरच्या खात्याने मागितलेली भेट ही बैठक होते. तिला सोबत दुसरं माणूस लागतं. आणि बैठक ज्याच्याशी झाली त्याच्याकडे राहता येत नाही. साहेबांनी रजा रद्द केली." तिने चपलेचा पट्टा ओढला. "उशी उन्हात ठेवली होती ना? वास येतोय इथपर्यंत."

खालून पावलं वर आली. ती सरळ उभी राहिली, त्यांच्या भाषेत आभार मानले आणि उतरून गेली. दार लावून मी तिथेच, चपलांच्या शेजारी, जमिनीवर बसलो. स्वतःचा इतका संताप आला होता की कपाळ दारावर आपटावंसं वाटलं. ज्या हातांनी दोन देश जवळ आणले म्हणून मिरवतो, त्याच हातांनी मी माझी पोरगी घराबाहेर ठेवली होती, तीही रीतसर, शिक्का मारून.

दुसऱ्या दिवशी निवेदन वाचून झालं. टाळ्या पडल्या. लाकडावरचं शुल्क कमी झालं, औषधांचं घोडं गंगेत न्हालं. दुपारी विमानतळावर निरोपाची रांग लागली आणि सचिवबाईंनी कौतुकाने मलाही तिच्यात उभं केलं. त्यांची माणसं एकेक करून आमच्यासमोरून हात मिळवत चालली होती. लेक माझ्यासमोर आली. तिने हात पुढे केला. या हाताला धरून मी तिला चालायला शिकवलं, रस्ता ओलांडून दिला, शाळेत सोडलं. हस्तांदोलन मात्र कधी केलं नव्हतं. ते केलं. "पुन्हा भेटू," ती त्यांच्या भाषेत म्हणाली. "अवश्य," मी म्हणालो. मागचा माणूस पुढे सरकला आणि तिला सरकावं लागलं.

घरी आलो. उशी पलंगावर तशीच फुगून बसली होती. मी तिच्या खोलीत गेलो, दिवा लावला आणि तिच्या पलंगाच्या कडेवर बसून राहिलो. संध्याकाळ झाली. तिचं विमान उतरलं असेल एवढा वेळ जाऊ दिला. त्या वेळात डोक्यात वाक्यं यायला लागलीच. आधी प्रवासाचं विचारू, मग बैठकीबद्दल अभिनंदन... मी स्वतःशीच ओरडलो, "गप!" आणि नंबर लावला. रविवार नव्हता तरी लावला.

"बाबा?" ती घाबरलेली होती. "काय झालं? बरं आहे ना?"

"पोचलीस का?"

"आत्ताच. टॅक्सीत आहे. का?"

ती थांबली, त्या रविवारी थांबली होती तशीच.

"अजून काही, बाबा?"

'बाकी सगळं ठीक' अगदी जिभेवर होतं. एवढ्या वर्षांच्या सवयीने ते आपोआप पुढे आलं होतं. मी ते गिळलं.

"मला इथे एकट्याला करमत नाही गं," मी म्हणालो. "अजिबात करमत नाही. तू ये. राहायला ये."

पलीकडे टॅक्सीचा हॉर्न वाजला. मला वाटलं, फोन कट झाला. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"अहो, मी काल तुमच्या दारात होते!" ती म्हणाली, आणि लहानपणी रडायची तशी, मोठ्याने रडायला लागली.

मी फोन कानाला घट्ट धरून बसलो. तिची उशी कधी मांडीवर घेतली होती ते मला कळलंही नव्हतं.